मूठ सैल कधी होते

बोटांत स्नायू नसतात. हाडं आहेत, सांधे आहेत, कंडरा आहेत, मज्जातंतू आहेत, पण बोट वाकवणारा एकही स्नायू बोटात नाही. पेशंटला हे सांगितलं की तो आधी स्वतःच्या बोटांकडे बघतो, मग माझ्याकडे. तुम्हीही करून बघा. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी मूठ हळूहळू आवळत न्या. पंजाखाली जे फुगतं, सरकतं, टणक होतं, ती तुमची पकड. तिथून निघालेल्या कंडरा मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जातात आणि बोटांच्या पेरांना जाऊन भिडतात. नऊ कंडरा आणि सोबत एक मज्जातंतू, एवढी दाटी असते त्या बोगद्यात. तळहातात छोटे स्नायू आहेत, अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा दिसतो तो त्यांचाच. ते नेमकेपणा देतात. मोठा जोर मात्र कोपराखालून येतो.

मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करते. माझ्याकडे हात दुखतो म्हणून येणाऱ्यांत शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत ओतीव भाग घासणारे फेटलिंगवाले असतात, चप्पल शिवणारे कारागीर असतात, म्हशींच्या धारा काढणारे गवळी असतात, तालमीतली पोरं असतात. या गावाचं पोट हातावर आहे, आणि हात गेला की माणूस घरात बसतो. म्हणून स्नायूंची वीज मोजायचं यंत्र, ज्याला आम्ही ईएमजी म्हणतो, ते मी घेतलं. मोजत गेले तसं एक मत पक्कं होत गेलं. हाताची ताकद किती, हे आपण फार विचारतो. हात म्हातारपणापर्यंत साथ देणार की नाही, हे मात्र तो कामाच्या मधेमधे किती वेळा सैल होतो त्यावर जास्त अवलंबून आहे.

आधी यंत्राचं सांगते, कारण त्यात मला आजही नवल वाटतं.

मेंदूतून निघालेला हुकूम मणक्यातल्या एका चेतापेशीपर्यंत येतो. तिथून निघालेला तंतू स्नायूतल्या काही धाग्यांच्या एका जथ्याला जोडलेला असतो. पेशीने इशारा दिला की जथ्यातले सगळे धागे एकदम आकुंचन पावतात, आणि आकुंचन पावताना त्यांच्यावरून विजेची एक बारीक लाट सरकते. ती लाट कातडीपर्यंत पोचते तेव्हा तिची ताकद काही मायक्रोव्होल्टपासून फार तर काही मिलिव्होल्ट. घरातल्या बोर्डात 230 व्होल्ट असतात आणि आम्ही व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या मागे लागलेलो असतो. त्यात भर म्हणजे स्नायूची वीज साधारण 20 ते 500 हर्ट्‌झच्या पट्ट्यात असते, आणि भिंतीतल्या वायरिंगची गुणगुण 50 हर्ट्‌झची, म्हणजे बरोबर त्याच पट्ट्यात. खोलीतली ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, कोणाचा तरी चार्जिंगला लावलेला मोबाइल, सगळे त्या आलेखात डोकावायला बघतात.

1849 साली जर्मनीत एमिल द्युबुआ-रेमों या शास्त्रज्ञाने माणसाच्या हाताच्या स्नायूची वीज पहिल्यांदा मोजून दाखवली. मिठाच्या पाण्यात हात बुडवून स्नायू आवळायचे आणि गॅल्व्हॅनोमीटरची सुई हलते का ते बघायचं, असा तो प्रयोग होता. कातडी आड येते म्हणून त्याने कातडीवर फोड आणून वरचा थर काढला, तेव्हा सुई जास्त हलली. आम्ही आज वस्तरा आणि स्पिरिट वापरतो. मागची जवळजवळ पावणेदोनशे वर्षं कातडीशीच भांडण चाललंय म्हणायचं.

पहिल्यांदा ज्यांच्या हातावर मी हे नीट मोजलं ते चपलांचे कारागीर. वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना मामा म्हणतात. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, अशी तक्रार. मनगटातला तो बोगदा दाटला की नेमकं असंच होतं. मी कोपराखाली चार बोटं रुंद जागेवरचे केस काढायला लागले तर म्हणाले, “ताई, ऑपरेशन हाय काय?” कापसाने स्पिरिट चोळलं, जागा थोडी लाल झाली. स्नायूच्या धाग्यांच्या दिशेत, एकमेकींपासून 2 सेंटिमीटरवर, वीज टिपणाऱ्या, जेल लावलेल्या दोन चांदीच्या टिकल्या चिकटवल्या. तिसरी कोपराच्या हाडावर, जिथे स्नायू नाही. वायरी जोडताना त्यांनी हात मागे घेतला.

“करंट बसंल की ओ.”

“यातून काही येत नाही मामा. करंट तुमच्याकडून यायचाय.”

ते काही बोलले नाहीत. मी स्पीकर चालू केला. स्नायूची वीज ऐकता येते, हे 1929 मध्ये इंग्लंडमध्ये एड्रियन आणि ब्रॉंक या शास्त्रज्ञांनी दाखवलं. बारीक सुई स्नायूत घालून एकेका जथ्याचा आवाज त्यांनी लाउडस्पीकरवर आणला. (एड्रियनना तीन वर्षांनी नोबेल मिळालं, मज्जातंतूंवरच्या एकूण कामासाठी.) माझ्याकडच्या टिकल्या वरवरच्या, त्यांना इतकं सुटं ऐकू येत नाही, तरी मामांना मी म्हटलं, मूठ अगदी हलकेच मिटा. टप. टप टप. पत्र्यावर वळवाचे पहिले थेंब पडावेत तसं. थोडं आवळा म्हटलं तसे थेंब दाट झाले, आणि जोर लावल्यावर सगळं मिसळून एकच घोंघाट. मामांनी मूठ सोडली, आवाज थांबला. परत हलकेच मिटली. परत सोडली. मी गप्प बसले. चाळीसएक वर्षं ज्या हाताने पोट भरलं त्याचा आवाज ते ऐकत होते, त्यात मी काय बोलणार?

या थेंबांच्या क्रमालाही नियम आहे. हलक्या कामाला लहान जथे आधी उठतात. ते थकायला वेळ लावतात. जोर वाढत गेला की मोठे जथे येतात, त्यांच्यात ताकद मोठी पण टिकाव कमी. एल्वूड हेनेमन यांनी हे 1950 आणि 60 च्या दशकांत मांजरांच्या मज्जातंतूंवर काम करून दाखवलं, आणि माणसालाही ते लागू पडतं. यातली अडचण अशी की आधी उठलेले लहान जथे सगळ्यात शेवटी झोपतात. मूठ अगदी थोडीशी जरी आवळलेली राहिली, तरी राबतात तेच. कामाचा भार हलका आहे म्हणून ते सुटत नाहीत. मूठ पूर्ण सैल झाली तरच त्यांना सुट्टी.

मामांच्या बाबतीत हेच दिसलं. दोन्ही हातांवर टिकल्या लावून मी त्यांना सोबत आणलेली चप्पल शिवायला बसवलं. उजवा हात आरी खुपसतो, चामड्याची वादी ओवतो, ओढतो. त्या हाताचा आलेख उंच उसळायचा आणि दर टाक्यानंतर खाली यायचा. डाव्या हातात चप्पल धरलेली. तो आलेख कधीच उंच गेला नाही, आणि कधीच खालीही आला नाही. रात्री बधिर होणारा हात डावा होता. विचारलं तर म्हणाले, पूर्वी मांडी घालून खाली बसायचो, चप्पल पायात दाबून धरायची सवय होती. गुडघे दुखायला लागले तसे स्टुलावर बसायला लागले, आणि पायाचं काम डाव्या हातावर येऊन पडलं. औषधपाणी, रात्री मनगटाला पट्टा, हे सगळं झालंच. त्याशिवाय फळीवर चप्पल दाबून धरणारा चामड्याचा एक पट्टा त्यांनी स्वतःच बनवला, पायाने ताणायचा. माझ्यापेक्षा चांगलं डोकं चालवलं त्यांनी.

आता ताकदीचं. ती मोजायचं साधन ईएमजीपेक्षा कितीतरी साधं आहे. डायनॅमोमीटर, मुठीत धरून दाबायचा, काटा किलो दाखवतो. बसून, कोपर काटकोनात, तीन वेळा दाबायचं आणि सरासरी काढायची. या आकड्याला कमी लेखायचं कारण नाही. 2015 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासात 17 देशांतल्या सुमारे 1 लाख 40 हजार लोकांच्या मुठी मोजल्या होत्या, त्यात भारतही होता. मुठीची ताकद 5 किलोने कमी असली तर पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका 16 टक्क्यांनी जास्त आढळला. सिस्टॉलिक, म्हणजे वरच्या, रक्तदाबापेक्षाही मुठीने हा अंदाज चांगला दिला. मी पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाची मूठ मोजते ती यामुळेच. पण तो आकडा एका क्षणाचा असतो. दिवसभर हात काय करतो ते त्यात येत नाही.

आणि कोल्हापुरात त्या आकड्याची हौस मोठी. राजर्षी शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबाग मैदान बांधलं त्या गावात कोणाच्याही हातात डायनॅमोमीटर दिला की तो आधी शेजारच्याचा आकडा विचारतो. तालमीतली पोरं आली की माझ्या खोलीत जत्रा भरते. त्यांच्या मनगटांबद्दल मला मनापासून आदर आहे. फावड्याने कुस्तीचा हौदा उकरणं, दोर चढणं, करेला म्हणजे जड लाकडी मुद्गल फिरवणं, पहाटेपासून हे चालतं, आणि त्या हातावरचे स्नायू टिकल्या लावायच्या आधीच डोळ्याला दिसतात. तिथे चरबी कमी असल्याने आलेखही स्वच्छ येतो.

एका वस्तादांनी आपले दोन पठ्ठे पाठवले होते, एक नवखा आणि एक मैदानं मारलेला. दोघांच्या कोपराखाली आत आणि बाहेर, दोन्ही बाजूंना टिकल्या. इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. एकाचे मायक्रोव्होल्ट दुसऱ्याच्या मायक्रोव्होल्टशी ताडून बघता येत नाहीत. कातडीची जाडी, टिकलीची जागा, कितीतरी गोष्टी मधे येतात. म्हणून आधी प्रत्येकाने जिवाच्या आकांताने मूठ आवळायची, तो त्याचा 100 टक्के. पुढचं सगळं त्याच्या टक्केवारीत. म्हणजे प्रत्येक हात स्वतःशीच तोलला जातो.

नवखा समोरच्याचं मनगट धरून गर्दनखेचीत उतरला तो मूठ आवळूनच. थोड्याच वेळात त्याच्या आलेखाची चाल बदलली. दमलेल्या स्नायूत विजेची लाट हळू सरकायला लागते आणि आलेखातल्या बारीक, घाईच्या लाटा कमी होऊन सावकाश लाटा वाढतात. आम्ही त्यावरून थकवा ओळखतो, काटा खाली यायच्या आधी. दुसऱ्या पठ्ठ्याचा आलेख तुटक होता. धरलं, सोडलं, परत धरलं, समोरचा ओढायला लागला की एकदम उसळी, तो थांबला की जवळजवळ शून्य. त्याच्या हाताला डाव संपेपर्यंत दम होता. वस्तादांना मी स्क्रीन दाखवली. त्यांनी नवख्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “रोज सांगतोय ह्याला, धरून बसू नगंस.” खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक आणलं ते 57 किलो वजनगटात. कोल्हापूरच्या मातीला चपळाईची किंमत तेव्हापासून, किंबहुना त्याआधीपासून ठाऊक आहे.

बाहेरच्या बाजूला टिकल्या कशाला, असं पठ्ठ्याने विचारलं होतं. बोटं मिटणारे स्नायू आतल्या बाजूला, मग बाहेरच्यांचा काय संबंध? संबंध असा, की मूठ आवळताना आतल्या कंडरा मनगटालाही आत ओढतात. बाहेरचे स्नायू त्याच वेळी मनगट मागे ओढून धरतात, तेव्हा कुठे जोर बोटांत उतरतो. मनगट पूर्ण आत मुडपून मूठ आवळायचा प्रयत्न करा, आवळतच नाही. आतले स्नायू आखडून ओढायला जागाच उरलेली नसते आणि बाहेरच्या कंडरा ताणून बोटं उघडायला बघतात. मनगट किंचित मागे, साधारण 30 ते 35 अंश, असलं की पकड सगळ्यात चांगली. पकड सोडवायला समोरच्याचं मनगट आत मोडायचं, हे तालमीत कोणाला शिकवावं लागत नाही. टेनिस खेळत नसलेल्या लोकांना ‘टेनिस एल्बो’ होतो तो या बाहेरच्या स्नायूंमुळेच. बादली उचलणारी बाई म्हणते, मी तर बोटांनीच धरते, कोपर का दुखतंय? तिने बोटं मिटली की बाहेरचे स्नायूही कामाला लागतात, तिला पत्ता नसताना.

हात किती जोर लावायचा हे ठरवतो कसं, यावर स्वीडनमधले रोलांड योहान्सन आणि योरान वेस्टलिंग यांनी 1984 मध्ये जे प्रयोग छापले, ते मी पुन्हा पुन्हा वाचलेत. लोकांनी दोन बोटांच्या चिमटीत एक छोटी वस्तू उचलायची, तिला कधी गुळगुळीत रेशीम लावलेलं, कधी खरखरीत पॉलिशपेपर. खरखरीतला बोटं कमी दाबतात, रेशमाला जास्त. आणि प्रत्येक वेळी निसटू नये यासाठी लागतो त्यापेक्षा थोडाच जास्त जोर लावतात. वस्तू जराशी निसटली तर सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत पकड वाढते, आपल्याला कळायच्या आधी. बोटांच्या टोकांना भूल दिली की हे सगळं कोसळतं, माणूस गरजेपेक्षा कितीतरी घट्ट धरायला लागतो. म्हणजे सैल धरता येण्यासाठी स्पर्श शाबूत लागतो.

फेटलिंगवाल्यांचं दुखणं मला या प्रयोगामुळे कळलं. फाउंड्रीत ओतकाम झालं की कास्टिंगच्या कडांना राहिलेला फाजील धातू ग्राइंडरने घासून काढायचा, ते फेटलिंग. हातात जाड मोजे, ते हवेतच. पण मोज्यातून स्पर्श येत नाही. ग्राइंडर थरथरतो, आणि थरथरीने स्नायू आपोआप जास्त आवळतात. वर्षानुवर्षं थरथर खाऊन बोटं बधिर झाली की उरलासुरला स्पर्शही जातो. तीन बाजूंनी एकच हुकूम येतो, घट्ट धर. एका कामगाराच्या हातात मी बंद ग्राइंडर दिला, स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि म्हटलं, पडणार नाही इतपतच धरा. रेष खाली यायला वेळ लागला. तो दर वेळी ग्राइंडरकडे बघायचा, मग रेषेकडे. शेवटी रेष निम्म्याच्याही खाली आली आणि ग्राइंडर पडला नाही. “एवढ्यात भागतंय व्हय?” असं तो म्हणाला. चालू ग्राइंडरला इतकं सैल धरणं धोक्याचं ठरेल, हे मी त्याला दोनदा सांगितलं. पण कास्टिंग फिरवून ठेवताना, चाक थांबेपर्यंतच्या वेळात, मूठ तशीच आवळलेली ठेवायची गरज नसते. नॉर्वेमध्ये 1990 च्या सुमारास पॅकिंगचं काम करणाऱ्या स्त्रियांच्या खांद्याच्या स्नायूंवर असाच अभ्यास झाला होता. ज्यांच्या आलेखात अशा क्षणभराच्या सुट्ट्या कमी, त्यांना पुढे दुखणं जास्त, असं त्यात आढळलं. काम सगळ्याजणींचं तेच होतं.

माझ्या मते कारखान्यात सेफ्टी ऑफिसरने मोज्यांचे जोड मोजतात तशी मुठीतल्या दांड्याची जाडीही मोजावी. अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना जेमतेम भेटतील इतका, साधारण 3 ते 4 सेंटिमीटरचा दांडा बहुतेकांच्या हाताला बरा पडतो. त्याहून बारीक किंवा जाड असला की तेवढ्याच कामाला जास्त जोर जातो. दांड्यावर गुंडाळायची पट्टी स्वस्त मिळते.

हालचाल मोजायचा भाग मला अजून अवघड जातो. हातात 27 हाडं, बोटागणिक तीन-तीन सांधे, अंगठ्याची चाल निराळीच. पेरांवर चमकत्या गोळ्या चिकटवून कॅमेऱ्याने टिपायचं म्हटलं तर करंगळी नेहमी कशाच्या तरी आड जाते आणि घामाने गोळ्या गळून पडतात. तरी या सगळ्या गुंत्यात एक सुटसुटीतपणा सापडलाय. सांतेल्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवलं की वेगवेगळ्या वस्तू धरण्यासाठी हात जे आकार घेतो, त्यांतला 80 टक्क्यांहून जास्त फरक फक्त दोन मूळ हालचालींच्या मिश्रणातून सांगता येतो. मेंदू एकेक सांधा सुटा चालवत नाही.

गंगावेशीत रात्री दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून फेसाळता ग्लास हातात देतात, तेव्हा मी गवळ्याचा हात बघत बसते. अंगठा आणि तर्जनी वरून सडाची वाट बंद करतात, मग मधलं बोट, अनामिका, करंगळी क्रमाने मिटत येतात. अख्ख्या मुठीने काढलेली धार ही अशी असते. दोन हात आळीपाळीने चालतात, एक मिटतो तेव्हा दुसरा उघडतो, म्हणजे प्रत्येक हाताला दर धारेला सुट्टी आहेच. काही जण अंगठा मुडपून त्याच्या सांध्याने सड दाबतात. त्याने सडालाही इजा होते आणि अंगठाही जातो. माझ्याकडे येणाऱ्या गवळ्यांत हे अंगठा मुडपणारे जास्त दिसतात.

सध्या माझ्या डोक्यात आहेत त्या घरी बसून चपलेच्या वेण्या विणणाऱ्या बायका. त्यांचं काम चिमटीचं, जोर कमी, पण तासन्‌तास. त्यांच्या कोपराखालच्या आलेखात फारसं काही दिसणार नाही. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातला छोटा स्नायू आणि अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा मोजायला हवा, आणि त्यासाठी माझ्याकडच्या टिकल्या मोठ्या पडतात. मोठी टिकली लावली की शेजारच्या स्नायूची वीजही आत येते आणि कोण बोलतंय ते कळत नाही. लहान टिकल्या मागवल्यात. सुभाषनगरातल्या एका काकूंनी होकार दिलाय, पण दिवाळीच्या ऑर्डरी संपल्यावर. तोपर्यंत मी त्यांना एवढंच सांगून आलेय की एक वेणी झाली की दुसरी उचलायच्या आधी दोन्ही हात मांडीवर उताणे टाकायचे, बोटं आपोआप वाकतील तशी वाकू द्यायची, आणि मग पुढची वादी घ्यायची.